चार बोटांचं जाळं

मीनल, म्हणजे माझी सून, परवापासून मोबाईलवरून यादी वाचून दाखवते आणि माझा मुलगा राजू एकेक वस्तू पलंगावर मांडतो. दोघांना चार दिवस कोकणात जायचं आहे. तिथं खाडीत एका माणसानं बसायची लांबट होडी असते, तिला कयाक म्हणतात. तिच्यात बसून मासे धरायचे आहेत. होडीसुद्धा घरूनच न्यायची. ती हवेची आहे, घडी केली की पाठीवरच्या पिशवीत बसते. "पंप?" मीनल विचारते. "आहे," राजू म्हणतो. "पंक्चरचं सामान?" "आहे." "बांधायची दोरी?" "आहे." मी दारात मेथी निवडत बसलेली असते आणि प्रत्येक "आहे"ला माझा हात थांबतो. वस्तू डोळ्यांनी बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. शेवटी उठून बघून आले, तर दोरी नव्हतीच. राजू हसला, म्हणाला, "आईचा आपल्यावर भरोसाच नाही." मी पुन्हा मेथी निवडायला बसले. भरोशाची गोष्ट नव्हती, पण ती सांगायची म्हणजे फार मागं जावं लागलं असतं, आणि तोंडानं एवढं लांब बोलणं मला जमत नाही. म्हणून वहीत लिहिते. ही वही कुणी मागणार नाही आणि मी कुणाला देणार नाही.

आमचं घर गोदावरीच्या काठाला होतं. तीर्थपुरीच्या बाजाराला पायी जाऊन दुपारपर्यंत परत येता यायचं. घर दोन खोल्यांचं, मातीच्या भिंतींचं, पण त्यात माणसांपेक्षा जाळ्यांना जास्त जागा होती. आढ्याला आडवा बांबू बांधलेला असायचा आणि त्यावर जाळी लोंबत असायची, उंदरांच्या तोंडाला लागू नयेत म्हणून. जाळ्याच्या वरच्या कडेला जुन्या चपलांच्या रबराचे गोल तुकडे ओवलेले असायचे, म्हणजे ती कड पाण्यावर तरंगते. खालच्या कडेला मातीचे मणी असायचे, म्हणजे ती कड तळाला जाते. हे मणी माय वळायची आणि चुलीच्या राखेत भाजायची. दारातून वारा आला की ते मणी एकमेकांवर आपटून हलके वाजायचे. लहानपणची झोप म्हटलं की मला अजून तोच आवाज ऐकू येतो. घराला वास कशाचा होता म्हणाल, तर माशांचा, ओल्या दोऱ्याचा आणि येसर भाजल्याचा. येसर म्हणजे धान्यं आणि मसाला भाजून दळलेलं पीठ, उकळत्या पाण्यात घातलं की आमटी तयार. घरात दुसरं काही नसलं तरी येसराचा डबा भरलेला असायचा. भाकरी कुस्करायची, वर ती लाल आमटी ओतायची आणि फुंकर मारत खायची. आता मी राजूकडं जालन्याला राहते, मिक्सरमध्ये सगळं होतं, पण तो खरपूस वास मिक्सरला काही येत नाही.

मी चौथीपर्यंत शाळेत गेले. मास्तरांनी काही विचारलं की मला उत्तर यायचं, पण ते गळ्याशी येऊन बसायचं. गावात मला मुकी म्हणायचे. आत्या तर तोंडावर म्हणायची, "हिला सासरी कुनी हिचं नाव इचारलं तर ही पाटीवर लिहून दावील." एक शब्द मात्र मला पटकन म्हणता यायचा, तो म्हणजे "हो". कुणी काही विचारलं की मी हो म्हणायचे, म्हणजे पुढचा प्रश्न येत नाही.

उन्हाळ्यात गोदावरीचं पाणी आटून नुसते डोह उरायचे. डोहात मासे किती असणार आणि धरणारे किती. मग आबा, माझे वडील, मंठ्याकडं विहिरी खोदायला जायचे. दोन महिन्यांनी परत यायचे ते खोकत. अंगातली धूळ आठ आठ दिवस निघायची नाही. माय पाठ घासता घासता म्हणायची, "पान्यातला मानूस तुम्ही, दगडात कशाला मरता?" आबा म्हणायचे, "पानीच न्हाई तर काय करू?" त्या वर्षी मात्र एक नवी गोष्ट घडली. आबांना कुणाकडून तरी कळलं की पिंपळगाव रेणुकाईच्या बाजूला एक तलाव आहे, उन्हाळ्यातही आटत नाही. त्यावर देवराव मुकादम म्हणून एक म्हातारे देखरेखीला होते. तलावात माशांची पिल्लं सोडलेली, म्हणून तिथं चार बोटांपेक्षा लहान भोकाचं जाळं चालत नसे. बारीक जाळं दिसलं की मुकादम माणसाला काठावरही उभं करत नसत. आबा स्वतः जाऊन त्यांना भेटून आले. मुकादमांनी सांगितलं होतं, "एक आठवडा या. जाळं बघतो, हात बघतो, मंग दरसालचं बोलू." आबा घरी येऊन हे सांगत होते तेव्हा त्यांचा चेहरा कसा झाला होता ते मला आठवतं. विहीर टळणार होती.

आबांनी नवा नायलॉनचा दोरा आणला आणि माय जाळं विणायला बसली. जाळं विणायला बांबूची सुई लागते आणि एक पट्टी. पट्टी बाभळीची, पातळ, घासून गुळगुळीत केलेली, आबांच्या चार बोटांएवढी रुंद. दोरा तिच्यावरून फिरवून गाठ मारायची, की प्रत्येक भोक सारखं. मायनं निम्मं जाळं विणलं आणि माझा भाऊ जन्मला. आमच्यात बाळंतीण सव्वा महिना जाळ्याला हात लावत नाही, आणि जाण्याला पंधराच दिवस उरले होते. मायनं आतल्या खोलीतून हाक मारून सांगितलं, "बाई, पट्टीवर विन. बिलकुल घाई करू नको, गाठ वढून बघ." मी हो म्हणाले.

मायच्या बाजेखाली शेगडी असायची. आत अंधार, ओव्याचा धूर, डोळ्यांतून पाणी. दुसऱ्याच दिवशी मी कोपऱ्यातून बाभळीच्या ढलप्यांची मूठ उचलली आणि शेगडीत घातली. जाळं घेऊन बसले तेव्हा पट्टी सापडेना. शेगडीजवळ जाऊन बघते, तर निखाऱ्यात एक सरळ, गुळगुळीत कड लाल झालेली. मी चिमटा घातला, तिचे दोन तुकडे झाले.

मायला सांगायला हवं होतं. ती तिथंच, हातभर अंतरावर, बाळाला पाजत होती. मी बाहेर आले आणि विचार केला की पट्टी म्हणजे काय, चार बोटंच ना. मला चार बोटं आहेत. मी डाव्या हाताची चार बोटं जुळवली आणि त्यांच्यावरून दोरा फिरवून विणायला लागले. बोटांवर दोऱ्याचे वळ उठायचे. रोज सकाळी चूल झाली की बसायचे, ती ऊन अंगणातून ओट्यावर येईपर्यंत. तेरा दिवसांत जाळं पुरं केलं. मला वाटत होतं मी मोठं काम केलं. माझी बोटं आणि आबांची बोटं यांत फरक आहे हे बारा वर्षांच्या मुलीला कळू नये असं नाही. पण जे कळून घ्यायचं नसतं ते आपण बघत नाही. हे मला आता कळतं.

नदीत आबा काहिलीतून जायचे. गूळ शिजवायची ती मोठी लोखंडी कढई, तीच आमची होडी. पण काहील एसटीवर चढवता येत नाही. म्हणून आबांनी ठरवलं की तिकडं ट्यूबवर जायचं. ट्रकची ट्यूब, तिच्यावर बाजेसारखी दोरीची जाळी बांधायची, वर मांडी घालून बसायचं आणि दोन हातांत दोन छोट्या फळ्या घेऊन पाणी मागं सारत जायचं. एका माणसापुरतीच जागा. तीर्थपुरीला रहीमचाचांचं पंक्चरचं दुकान होतं, तिथून ट्यूब आणायला आबा मला घेऊन गेले. चाचांनी तीन ट्यूब पाण्यात बुडवून बघितल्या. एकीतून बुडबुडे आले.

"ये नको भाऊ," चाचा म्हणाले, "ही घेतली तं तू मासे धरायला जाशील अन् मासे तुला धरतील."

"मंग बरं हाय की," आबा म्हणाले, "निदान त्यास्नी तरी जेवन भेटंल."

चाचा माझ्याकडं वळले. "बेटी, तू पन चालली? रोट्या थापायला?" मी मान खाली घातली. "बोलती न्हाई का?" आबा म्हणाले, "बोलती, पन आत आत." चाचांनी चांगली ट्यूब घडी करून सुतळीनं बांधली, वर पंक्चरचं सोल्युशन, रबराचे तुकडे आणि त्यांचा स्वतःचा हातपंप दिला. "पंप वापस पाहिजे हां. तुझ्या मुक्या पोरीची जमानत," असं म्हणून हसले.

आत्या मायजवळ राहायला आली, म्हणून माझं जाणं जमलं. तिकडं भाकरी करायला, सामानावर बसायला आणि काठावरून ट्यूबची दोरी धरायला कुणीतरी हवं होतं. सामान भरायची आबांची एक रीत होती. पाण्यावर जे आधी लागतं ते सगळ्यात वर. मासे धरायला जाताना घरातले मासे बरोबर न्यायचे नाहीत, सुकटसुद्धा नाही. कुठं चाललात असं घरातल्या कुणी विचारायचं नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी सगळी भांडी-डबे ओट्यावर मांडली होती. आत्या धपाटे थापत होती, तव्यावरून लसणाचा वास येत होता. आबा पोत्याचं तोंड धरून उभे होते आणि बोटं दुमडत एकेक विचारत होते. माय आतून ऐकत होती.

"येसर?" "हो." "पीठ, मीठ, चटनी?" "हो." "दोरी?" "हो." "पंप? सोल्युशन?" "हो." "उरलेला दोरा अन् सुई?" "हो."

"पट्टी?"

मी सुतळीला गाठ मारत होते. आत बाळ रडलं, माय त्याला थोपटायला लागली.

"हो," मी म्हणाले.

आबांनी पुढचं बोट दुमडलं. त्यांना शंका यायचं कारणच नव्हतं. जाळं घडी करताना ते वरची कड एका हातात आणि खालची दुसऱ्या हातात धरून ओढायचे, मधल्या भोकांना हात लागायचा नाही. जाळं वर, त्याच्याखाली ट्यूब, त्याच्याखाली बाकीचं सगळं. मायनं उंबऱ्याच्या आतूनच हळदीची वाटी पुढं केली, हळदीचं बोट आबांनी स्वतः पोत्याला लावलं. मायचा आणि जाळ्याचा स्पर्श नको म्हणून. निघताना तिनं मला जवळ घेतलं आणि म्हणाली, "पट्टी पोटाशी ठेव बाई. तेवढी एकच हाय." मी पुन्हा हो म्हणाले.

प्रवासाचं मला फार आठवत नाही. एसटीच्या टपावर पोतं चढवताना कंडक्टर आबांना म्हणाला, "मामा, ट्यूब इथं आन् ट्रक कुठंय?" सगळी गाडी हसली. जालन्याला गाडी बदलली, मग भोकरदनची. खिडकीतून गरम वारा येत होता, आबा माझ्याशेजारी बसून धपाटा मोडत तलावाबद्दल बोलत होते. इतकं ते कधी बोलत नसत. पुढच्या साली मायला आणि बाळालाही आणू, काठावर झोपडी टाकू, संध्याकाळी सगळे मिळून जाळं झटकू. "मंठ्याला कोन जातंय आता," ते म्हणाले आणि माझ्या हातात धपाट्याचा मोठा तुकडा दिला. तो मी ओढणीच्या टोकात बांधून ठेवला.

पहिला दिवस तळ ठोकण्यातच गेला. दुसऱ्या दिवशी ऊन चढताना देवराव मुकादम आले. उंच, पांढरं धोतर, हात मात्र एवढे मोठे की पाण्याचा तांब्या त्यांच्या मुठीत दिसेनासा व्हायचा. त्यांच्याबरोबर तिथलीच नेहमीची चार-पाच माणसं होती. बाहेरचा माणूस आलेला त्यांना नको होता, हे त्यांच्या उभं राहण्यावरूनच कळत होतं. आबांनी जाळं बाभळीच्या दोन झाडांना बांधून पसरलं. मुकादमांनी एका टोकाला भोकात चार बोटं घातली. घट्ट, पण गेली. दुसऱ्या भोकात, तिसऱ्यात. "काम चांगलं हाय," ते म्हणाले. आबा म्हणाले, "मालकिणीचा हात हाय तो."

मुकादम जाळ्याच्या कडेनं चालत पुढं गेले. मायचं विणणं संपून माझं सुरू झालं होतं ती मधली गाठ ओलांडली. मी चुलीपाशी बसले होते, मला त्यांची पाठ दिसत होती. त्यांनी पुन्हा भोकात बोटं घातली. ती तिसऱ्या बोटाला अडकली. त्यांनी दुसरं भोक बघितलं, मग आणखी चार पावलं जाऊन तिसरं. वळले तेव्हा त्यांचा आवाज बदललेला होता.

"हे काय हाय?"

आबा जवळ गेले. त्यांनी स्वतःचा हात घातला आणि तसेच थांबले.

मागचा एक माणूस म्हणाला, "जुनी खेळी हाय मुकादम. दावायला मोठं, धरायला बारीक. अर्धं जाळं तुमच्यासाठी, अर्धं पोत्यासाठी."

"ए, तोंड सांभाळ," आबा म्हणाले. त्यांचा चेहरा काळा पडला होता. "मुकादम, माझ्या लेकराची शपथ घेतो, सगळं जाळं एका पट्टीवर विनलंय. थांबा, पट्टीच दावतो." आणि त्यांनी पोत्याचं तोंड सोडलं.

ते एकेक वस्तू बाहेर काढत गेले. फळ्या. दोरी. पंप. सोल्युशनची नळी. दोऱ्याचं गुंडाळं, सुई. पीठ. चटणीची पुरचुंडी. येसराचा डबा, त्याचं झाकण उघडून आतही बोट फिरवलं. शेवटी पोतं उलटं करून झटकलं. थोडी माती पडली. आबा त्या मातीकडं बघत राहिले. कुणीतरी हसलं. मुकादम म्हणाले, "गुंडाळ. आन् या काठाला पुन्हा दिसू नको. जिथं जाशील तिथं मी सांगून ठिवीन."

आबांनी माझ्याकडं बघितलं नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं असतं, तर मी रडून मोकळी झाले असते. ते खाली बसून पीठ गोळा करायला लागले, चोर पकडल्यावर बसतो तसे, सगळ्यांकडं पाठ करून. त्यांची ती पाठ मला अजून दिसते. मी उठले. उभं राहिल्यावर काय करायचं ते ठाऊक नव्हतं. तोंडातून पहिला आवाज आला तो शब्दच नव्हता. सगळे वळून बघायला लागले.

"मी विनलंय," मी म्हणाले.

"काय?" मुकादमांनी विचारलं.

"निम्मं मायनं. निम्मं मी. पट्टी माझ्याकडून शेगडीत जळाली. आबाला ठावं न्हाई. आबानं इचारलं व्हतं पट्टी घेतली का. मी हो म्हन्ले." आणि मग थांबता येईना. "बोटावर विनलंय. चार बोटंच हायेत. माझी."

मुकादम माझ्यापाशी आले. "हात दाव." मी डावा हात पुढं केला. त्यांनी माझं मनगट धरून मला जाळ्यापाशी नेलं आणि माझी चार बोटं भोकात घातली. ती बरोबर बसली, ना सैल ना घट्ट. त्यांनी दुसऱ्या भोकात घातली, तीही बसली. पार टोकापर्यंत ते मला नेत गेले, दहा-बारा ठिकाणी. बोटांवर दोऱ्याचे वळ अजून होते, ते त्यांनी अंगठ्यानं पुसल्यासारखं करून बघितले.

"माप सोडलं न्हाई पोरीनं," ते मागच्या माणसांना म्हणाले. "एकबी भोक लहान-मोठं न्हाई. चोर असा विनत नसतो." मग आबांना म्हणाले, "उठ. पन हे निम्मं माझ्या पान्यात उतरनार न्हाई."

आबा उठले. कमरेची सुरी काढली आणि मधल्या गाठीपाशी जाळं कापायला लागले. नायलॉन कापताना बारीक कर्र आवाज येतो. तेरा दिवसांचं काम होतं, मला वाटलं होतं मला वाईट वाटेल, पण तसं काही झालं नाही. छातीवरून काहीतरी उचलल्यासारखं झालं.

त्या दिवशी आबा निम्मं जाळं घेऊन ट्यूबवर गेले, मी काठावरून दोरी सोडत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाकरी टाकत असताना ते बाभळीची एक फांदी घेऊन शेजारी बसले आणि सुरीनं तासायला लागले.

"पट्टी जळाली तं जळाली," ते म्हणाले. "लाकूडच ते. पन तू हो कामून म्हन्लीस?"

मी तव्यावरची भाकरी उलटली. ते आजही नेमकं सांगता येणार नाही.

"जे न्हाई ते न्हाई म्हनावं," आबा म्हणाले. "न्हाई म्हन्लं तर मानूस दुसरं करून घेतो. हो म्हन्लं तर करत न्हाई." मग त्यांनी पट्टीवर लांबीच्या बाजूनं आपली चार बोटं ठेवली आणि कडेला खाच पाडली. माझा पिठाचा हात ओढून त्याच्यावर ठेवला. माझी चार बोटं खाचेच्या बरीच आत संपत होती. तिथं त्यांनी दुसरी, बारीक खाच पाडली. मग माझा अंगठाही जुळवला. पाच बोटं मोठ्या खाचेपर्यंत पोचली.

"तुझी पाच म्हंजे माझी चार," ते म्हणाले. "पुन्हा जाळलीस तर ध्यानात ठिव." आणि हसले. मग मी रडले.

उरलेला दोरा आणि सुई पोत्यात होतीच. आठवडाभर मी काठावर बसून नव्या पट्टीवर विणत राहिले. मुकादम रोज येऊन जाळ्याशेजारी उकिडवे बसायचे, माझ्या हातांकडं बघायचे, येसराची आमटी एक वाटी प्यायचे. "मुके, आज किती हात झालं?" विचारायचे, आणि मी सांगायचे. शेवटच्या दिवशी आबांनी मला ट्यूबवर बसवलं, दोरी स्वतः धरली. खाली पाणी हलत होतं, पाय गार पडले होते, आणि मी विणलेला तुकडा माझ्याच हातांनी पाण्यात सोडत होते. मातीचे मणी एकेक करून बुडत होते, काही आवाज न करता. निघताना मुकादम आबांना म्हणाले, "पुढच्या साली ये. हिच्या मायलाबी आन." आबा परत मंठ्याला गेले नाहीत. माझं लग्न होईपर्यंतचे सगळे उन्हाळे आम्ही त्या काठावर काढले, आणि माझा भाऊ चालायला तिथंच शिकला. रहीमचाचांना पंप परत दिला तेव्हा ते म्हणाले, "जमानत सुटली बेटी," आणि मी म्हणाले, "हो चाचा." ते बघतच राहिले.

ती पट्टी माझ्याकडं आहे. मायनं माझ्या लग्नात पातेल्यांच्या तळाशी ठेवून दिली होती. इतक्या घरांत, इतक्या सामानांच्या बांधाबांधीत ती माझ्याबरोबर आली आहे. आज दुपारी, दोघं यादी वाचत होते तेव्हा, मी ट्रंकेतून ती काढली. आबांच्या हातानं घासलेली कड अजून तशीच आहे. मी तिच्यावर डावा हात ठेवला. किती वर्षं झाली असतील हात ठेवून. चुलीनं, भांड्यांनी, वयानं माझी बोटं जाड झाली आहेत, सांधे सुजले आहेत. बारीक खाच कधीच मागं राहिली होती. चारच बोटं, अंगठा न जुळवता, बरोबर मोठ्या खाचेशी संपत होती. मी हात उचलून पुन्हा ठेवून बघितला. आबांचा हात कसा होता हे मी विसरत चालले होते, आणि तो इथंच, माझ्या मनगटाला होता.

मीनल परवापासून तिसऱ्यांदा विचारत होती. आता दारात येऊन म्हणाली, "आई, तुम्हीपण चला ना. तुम्ही काठावर बसा नुसत्या. येणार?"

ती वाट बघत उभी राहिली. मी उठले, पलंगावरच्या त्यांच्या पिशवीचं तोंड उघडलं आणि पट्टी आत ठेवली, सगळ्यात वर. मग हो म्हणाले.